पेटी उघडू दिली नाही

वन्सं,

आधीच सांगते, माझ्या अक्षराला हसू नका. ऱ्हस्वदीर्घ चुकणार, ओळ खाली उतरत जाणार, आणि विचार करायला पेन थांबलं की तिथं शाईचा ठिपका पडणार. चौथी झाल्यावर धाकट्या भावाला सांभाळायला मला घरी ठेवली, तेव्हापासून अक्षर तिथंच राहिलं होतं. पुढचं वळण तुम्ही लावलंत. ही वहीसुद्धा तुमचीच आहे, अर्जांच्या नकला ठेवायची लांब वही. मागची अकरा पानं कोरी निघाली. तुमच्याशी बोलायला मला दुसरी जागा सापडली नाही.

तेरावं होऊन नऊ दिवस झाले. घर कामाला लागलं. हे सकाळी द्राक्षबागेत जातात, येतात, जेवतात, पुन्हा जातात. मी शेडवर बेदाणा निवडायला जाते. बायका तुमच्याबद्दल बोलतात आणि मी मान खाली घालून काड्या वेचत बसते. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, ते फक्त तुमच्यापुढं उघडायचं. आयुष्यात मी भांडले ती एका तुमच्याशी. नवऱ्याशी नाही, सासूशी नाही, पोराशीसुद्धा नाही. आता दुपारी चहाला दोन कप काढते आणि एक परत ठेवते.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. पेटीची. तुमच्याकडून घेतलेले पैसे पुरे फेडायचे आणि मग ती सांगायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. दोन हप्ते राहिले आणि तुम्ही गेलात. पण ठरवलं ते ठरवलं. शेवटचे पैसे रहिमतपूरला जाऊन भरते आणि मगच ती लिहिते. तोवर बाकीचं बोलू.

तुम्ही माहेरी राहायला आलात तेव्हा माझा विशाल दोन वर्षांचा होता. दाजींची गाडी डोंगरातल्या रस्त्यावरून नदीत कोसळली असं मिलिटरीनं कळवलं होतं. पंधरा दिवसांनी रहिमतपूरजवळ तुमच्या सासरी पेटी आली. तिच्यावर झेंडा होता, फुलं होती, गावचे सगळे फौजी रांगेत उभे होते. तुम्हाला तेव्हा तिसरा महिना होता. तुम्ही पेटीजवळ जाऊन उघडा म्हणालात. तुमचे सासरे म्हणाले, मिलिटरीचा नियम आहे, उघडता येत नाही. पेटीबरोबर आलेल्या सुभेदाराकडं तुम्ही बघितलंत. तो बुटांकडं बघत राहिला. पेटीसकट अग्नी दिला. दहाव्याला बांगड्या फोडायला बायका बसल्या तर तुम्ही दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरलेत आणि म्हणालात, "मी बघितलं न्हाई. जे बघितलं न्हाई ते मी मानायची न्हाई."

पाचव्या महिन्यात पोटातलंही गेलं. मग एक ट्रंक घेऊन तुम्ही आमच्याकडं, कवठे महांकाळच्या बाजूला आलात, आणि कपाळावर कुंकू तसंच ठेवून तेवीस वर्षं राहिलात.

आल्यावर महिनाभरानं पहिला अर्ज लिहायला घेतलात. तुम्ही दहावी शिकलेल्या, अक्षर छापल्यासारखं. अर्ज एकाच कचेरीला पाठवून भागायचं नाही, पाच ठिकाणी पाठवायचा, म्हणून नकला काढायला मला बसवलंत. मी म्हटलं मला जमायचं नाही. तुम्ही म्हणालात, "चित्र काढती समज. रांगोळी काढतीस न्हवं?" मी रांगोळीसारखी अक्षरं काढायला लागले. पहिल्या नकलेला तीन दुपारी गेल्या. वर्षभरानं एका दुपारी दोन व्हायला लागल्या. माझ्या बोटांना जे लिहिणं आलं ते त्या अर्जांनी आलं. दर अर्जात दोन ओळी ठरलेल्या असत. 'पेटी उघडू दिली नाही.' आणि 'सुभेदारांनी मान खाली घातली, यावरून काहीतरी दडवले आहे हे सिद्ध होते.' ती दोन वाक्यं मी किती वेळा लिहिली असतील याचा हिशेब नाही. झोपेतसुद्धा लिहू शकेन.

तुमचं म्हणणं असं, की गाडी नदीत पडली, दाजी वाहत पलीकडं गेले, पलीकडच्यांनी पकडून तुरुंगात ठेवलं आणि इकडच्यांनी पेटीत दगड भरून पाठवले. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना हे माहीत आहे. पेन्शन हा शब्द तुम्ही कधी उच्चारला नाही. पगार म्हणायचात. हयातीच्या दाखल्याबरोबरच्या कागदावर 'विधवा' छापलेलं असायचं, त्यावर एक बारीक रेघ ओढून मगच सही करायचात. ट्रेझरीतला कारकून दर वर्षी चिडायचा आणि दर वर्षी घ्यायचा.

मग हातात मोठा फोन आला आणि तुमचं एकटीचं म्हणणं एकटीचं राहिलं नाही. कुठल्या कुठल्या व्हिडिओत माणसं अगदी तुमच्यासारखं बोलत होती. गुप्त तुरुंग, दडवलेल्या याद्या, विकले गेलेले साहेब. तुम्ही फोन माझ्या कानाला लावायचात आणि माझं तोंड बघायचात. मी म्हणायची, "वन्सं, ह्या माणसाच्या मागं पडदा लावलाय बघा, तो कुठल्या तरी खोलीत बसून बोलतोय." तुम्ही म्हणायचात, "खरं बोलणाऱ्यानं काय मैदानात बसावं व्हय?" एवढ्यावर आपण दोघी हसायचो. पण हसून झालं की तुम्ही पुढचा व्हिडिओ लावायचात.

लशीच्या वेळी तर तुम्ही ऐकलंच नाहीत. त्यात काहीतरी घातलं आहे, माणसं मोजायला, माणसं कमी करायला. मी घेऊन आले. त्या दिवशी अंग तापलं, दंड दुखायला लागला. तुम्ही तीन दिवस उशाशी बसलात. पेज करून घातलीत, डोक्यावर पट्ट्या ठेवल्यात, आणि मधूनमधून मला हलवून बघत होतात. तिसऱ्या दिवशी मी उठून भाकरी थापायला बसले तेव्हा म्हणालात, "जगलीस म्हणजे काय लगेच खरं ठरलं असं न्हाई. वर्षभर बघू." वर्षभरानं आठवण करून दिली तर म्हणालात, पाच वर्षं बघू. ती पाच झाली का हो? मोजायला तुम्ही थांबला नाहीत.

मतदानावरून तर दर वेळी वाजायचं. तुम्ही कधी मत दिलं नाही. आधी म्हणायचात, जे सरकार माझा माणूस देत नाही त्याला मी मत का देऊ. मग मशीन आल्यावर म्हणायला लागलात, बटण कुठलंही दाबा, आत ठरलेलंच असतं. दाजींचंही सांगायचात. नोकरीत असताना त्यांचं मत टपालानं यायचं, एकदा निकाल लागून गुलाल धुऊन झाल्यावर मतपत्रिका त्यांच्या हातात पडली होती. ते नुसते हसले होते. तुम्ही मात्र ते विसरला नाहीत. "सरहद्दीवर उभं ऱ्हायचं त्यानं, आणि त्याचंच मत येळंवर पोचत न्हाई. कसली लोकशाही गं?"

पण मला मतदानाचा दिवस आवडतो, आणि का आवडतो ते फक्त तुम्हाला माहीत होतं. शाळेच्या वर्गात तो माणूस माझं नाव मोठ्यानं वाचतो. नवऱ्याचं नाव मागं लागतं, पण आधी माझं. एरवी माझं नाव कोण मोठ्यानं घेतो? तुम्ही चिडवायचात, "नाव ऐकायला जातीस का मत द्यायला?" मी म्हणायची, दोन्हीला. आणि मग एकदा तुम्हाला सांगून टाकलं, की हे ज्या चिन्हावर दाबायला सांगतात तिथं मी गेल्या दोन वेळा दाबलं नाही. तुम्ही ताटातला घास खाली ठेवलात. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. "आणि मी उगंच दिल्लीकडं बघत बसलीया. कट हाय तर हितंच, ह्या चुलीपुढं!"

मीही हसले. पण लगेच चुलीकडं तोंड फिरवलं.

तुम्हाला ते भांडण आठवत असेल. बागेची छाटणी चालू होती, काड्या गोळा करताना बोलत होतो. मी म्हटलं, "वन्सं, एवढी मोठी गोष्ट दडवायची म्हटली तर किती माणसं लागतील. ह्याला माहीत, त्याला माहीत. एवढी वर्षं सगळ्यांची तोंडं बंद कशी ऱ्हातील? एकाचं तरी उघडंल."

तुम्ही काड्यांचा भारा खाली टाकलात आणि माझ्याकडं बघितलंत.

"न्हाई उघडत. आपलं घर वाचवायचं असलं की न्हाई उघडत, सुमन."

मी काड्या वेचायला वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. तुम्हाला वाटलं असेल मी हरले. तुम्ही त्या दिवशी खुशीत होतात, शेंगदाण्याची चटणी केलीत.

पैशाचं सांगते. विशालला भरतीसाठी अकॅडमीत घालायचं होतं. राहायचं, खायचं, ट्रॅकसूट, बूट, सगळे मिळून साठ हजार. त्या वर्षी बागेवर रोग पडला होता. तुम्ही आपणहून ट्रंक उघडलीत आणि रहिमतपूरच्या पतसंस्थेचं पासबुक काढलंत. लग्न झाल्यावर दाजींनी दोघांच्या नावानं उघडलेलं खातं. त्यांच्या 'पगारा'तला अर्धा भाग तुम्ही त्यात टाकत आला होतात. त्यांचं नाव तुम्ही कमी करू दिलं नव्हतं. पासबुक मांडीवर ठेवून म्हणालात, "हे त्यांचं हाय, माझं न्हाई. ते आल्यावर मला हिशेब द्यावा लागंल. महिन्याला हजार टाकायचं. एक रुपया कमी न्हाई."

आणि मी ते घेतले, वन्सं. एका मेलेल्या माणसाकडून मी कर्ज घेतलं, तो मेला आहे हे माहीत असताना. आणि त्याच्या पैशावर माझा मुलगा फौजी झाला.

त्यानंतर सांगणं आणखीच अवघड झालं. दाजी आता नाहीत असं बोलले असते तर तुम्हाला वाटलं असतं, ही पैसे बुडवायला माणूस मारते. बेदाण्याच्या रोजगारातून मी हजार काढून ठेवायची. कधी महिना चुकला तर पुढं दोन हजार. तुम्ही तीनचार महिन्यांचे जमले की मिरजेहून पॅसेंजरनं रहिमतपूरला जाऊन भरून यायचात. पासबुकावर नवी ओळ पडली की मला दाखवायचात आणि मी मनात म्हणायची, अजून तीस. अजून बावीस. अजून नऊ. फिटले की सांगेन.

खरं लिहायचं तर पैसे हे निमित्त झालं. पैसे घ्यायच्या आधी सतरा वर्षं होती. त्या सतरा वर्षांत मला कुणी अडवलं होतं?

परवाच्या लढाईत गप्प राहिले ते मात्र पैशाच्या निमित्तात बसत नाही. टीव्हीवर भोंगे वाजायला लागले, विमानं दाखवायला लागले. विशाल वरच्या सरहद्दीवर, फोन बंद. मी देवापुढं बसायची, उठायची, पुन्हा बसायची. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आले तर दोरीवर दाजींचे शर्ट वाळत होते. पाच शर्ट, दोन पँटी, एक लोकरी टोपी. तुम्ही ट्रंक रिकामी करून सगळं उन्हाला घातलं होतं आणि स्वतः धुतलेली साडी नेसून टीव्हीपुढं बसला होतात. तुमच्या तोंडावर जे होतं ते मी कधी बघितलं नव्हतं. लग्नघरातल्या बाईसारखं होतं.

"या टायमाला पुरतं होऊ दे," तुम्ही म्हणालात. "मधीच थांबलं की कैदी सुटत न्हाईत. पुरतं झालं की याद्या निघत्यात, बदलाबदली हुतीया."

"माझं पोरगं हाय तिथं, वन्सं."

"माझा माणूस बी तिथंच हाय."

मग माझ्या तोंडून ते गेलं. "तुमचा माणूस यावा म्हणून माझं पोरगं जाऊ दे म्हणताय काय?"

माझा आवाज एवढा मोठा होतो हे मला माहीत नव्हतं. हे दारातून आत आले आणि तसेच माघारी गेले. तुम्ही टीव्ही बंद केलात. अंगणात गेलात. एकेक शर्ट काढून, झटकून, घडी घालून हातावर ठेवत गेलात. अजून ओले होते ते. मी दारात उभी राहून बघत होते आणि पेटीची गोष्ट माझ्या जिभेवर येऊन बसली होती. त्या क्षणी बोलले असते तर ते सांगणं झालं नसतं, मारणं झालं असतं. म्हणून गिळली. तेवढंच एक गिळणं मला चुकीचं वाटत नाही.

चार दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. लढाई थांबली. चौथ्या दिवशी दुपारी विशालचा फोन आला. पोरानं बाकी काही विचारलं नाही, "आई, जेवलीस का?" म्हणाला, आणि मी रडायला लागले. तुम्ही उंबऱ्यावर येऊन उभ्या होतात.

"काय म्हणतोय?"

"जेवलीस का म्हणतोय."

"मग जेव की," म्हणालात, आणि स्वतः ताट वाढून आणलंत. मी जेवून होईपर्यंत समोर बसलात. लढाई थांबल्याचं तुम्हाला काय वाटलं ते विचारायची मला हिंमत झाली नाही. तुमचा माणूस पुन्हा तिकडंच राहिला होता. माझा सुटला होता. कुणी जिंकलं, कुणी हरलं यावर घरातले पुरुष आठवडाभर बोलत होते. आपण दोघी एक अक्षर बोललो नाही.

त्यानंतर तुम्ही माझ्यापुढं व्हिडिओ लावणं बंद केलंत. पुढच्या मतदानाला माझ्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत आलात. आत आला नाहीत, बाहेर लिंबाखाली बसलात. मी आल्यावर माझं बोट धरून शाई बघितलीत. "आत कुणी काय इचारतं का?" म्हणालात. मी म्हटलं, काही विचारत नाहीत, नाव तेवढं वाचतात. तुम्ही मान हलवलीत. पुढच्या खेपेला आत याल असं मला वाटलं होतं. यंत्र खरं की खोटं यावर आपलं काही ठरलं नाही. पण आला असतात, वन्सं. मी ओळखते तुम्हाला.

सांगलीच्या दवाखान्यात तीन दिवस मी तुमच्या उशाशी होते. निम्मं अंग गेलं होतं, जीभ गेली होती, डोळे तेवढे तुमचे होते. डॉक्टर बाहेर बोलावून म्हणाले, काही सांगायचं-विचारायचं असेल तर बोलून घ्या, ऐकू येतंय त्यांना. मी स्टूल ओढून कानाशी वाकले. तेवढ्यात वॉर्डाचं दार वाजलं, आणि तुम्ही दाराकडं बघितलंत. चहावाला होता. थोड्या वेळानं पुन्हा वाजलं, पुन्हा बघितलंत. तीन दिवस दार उघडलं की तुमचे डोळे दाराकडं जात होते. मी कशी सांगणार होते? मी तुमच्या कानात एवढंच म्हटलं, की दोन हप्ते राहिलेत, मी भरते. तुम्ही चालणाऱ्या हातानं माझा अंगठा दाबलात.

बाहेर व्हरांड्यात हे म्हणाले, "बरं झालं, न कळताच चालली." बरं झालं की नाही ते मला अजून ठरवता येत नाही.

घरी आणल्यावर आंघोळ घालायला भावकीतल्या बायका जमल्या. कुणी पांढरं आणा म्हणालं, कुणी म्हणालं सरकारच्या कागदावर विधवा आहेत, पेन्शन खात होत्या, मळवट कसा भरायचा. माझी चुलत जाऊ म्हणाली, रीत मोडली तर घराला लागतं. सगळ्या एकमेकींकडं बघत होत्या आणि मी कोपऱ्यात पाण्याची घागर धरून उभी होते. मी घागर खाली ठेवली.

"त्या सवाष्ण हाईत," मी म्हटलं. "हिरवी साडी काढा. मळवट मी भरते."

एवढ्या बायकांपुढं मी बोलले. कुणी उलट बोललं नाही, मी बोलते याचंच त्यांना नवल वाटलं असणार. तुमची लग्नातली साडी ट्रंकेत दाजींच्या शर्टांच्या खाली होती. ओटी भरली, हिरव्या बांगड्या भरल्या, कपाळ कुंकवानं भरलं. खरं माहीत असून मी तुम्हाला सवाष्ण पाठवलं. तुम्ही म्हणाल, एका खोट्यावर आणखी एक. असेल. पण तेवीस वर्षं तुम्ही जशा राहिलात तशाच जाव्यात, एवढं मला त्या वेळी कळत होतं.

इथं मध्ये दोन दिवस लिहिलं नाही. काल रहिमतपूरला जाऊन आले.

निघताना यांनी विचारलं कुठं. मी सांगितलं. हे उठून आत गेले आणि द्राक्षाच्या पैशातले हजार रुपये आणून माझ्या हातावर ठेवले. म्हणाले, "एक हप्ता माझा. माझं बी हाय त्यात." एवढंच. दवाखान्यातलं ते वाक्य सोडलं तर त्यांनी तेवीस वर्षांत त्या गोष्टीबद्दल काढलेला हा पहिला शब्द.

मिरजेहून पॅसेंजरमध्ये खिडकीजवळ बसले. पतसंस्थेत गर्दी नव्हती. खिडकीवरच्या मुलीनं पासबुक ओळखलं. "काकी न्हाई आल्या?" मी म्हटलं, आता येणार नाहीत. ती समजली. म्हणाली, मग नावं कमी करायचा अर्ज द्यावा लागेल, दोन्ही नावांचा, आणि दाखले. मी म्हटलं, अर्ज मी लिहीन, मला अर्ज लिहिता येतो. पण आधी पैसे घे.

स्लिप मी भरली. आजवर तुम्ही भरायचात. खातेदारांच्या नावाच्या जागी आधी तानाजी लिहिलं, मग शालन. रक्कम अक्षरी, दोन हजार फक्त. शिक्का मारला, पासबुक यंत्रात घातलं, ओळ पडली.

मग मी बाहेर पायरीवर बसले आणि पासबुक मांडीवर उघडून तुमच्या दोघांच्या नावांपुढं हळूच सांगितलं. तिथं सांगितलं तेच इथं लिहिते.

वन्सं, पेटी उघडू नका असं मिलिटरीनं सांगितलं नव्हतं. सुभेदार फाट्यावर गाडी थांबवून म्हणाला होता, घरच्यांना बघायचं असेल तर बघून घ्या. तुमच्या सासऱ्यांनी आणि यांनी फाट्यावरच झाकण उचललं. वर बघण्यासारखं राहिलं नव्हतं. पाय मात्र धड होते. डाव्या पायाला करंगळी नव्हती. लहानपणी ऊस तोडताना कोयत्यानं गेलेली ती करंगळी, तुम्हीच मला कधी तरी हसत सांगितलेली. ते दाजीच होते. दगड नव्हते.

तुमच्या पोटात होतं. दोन जिवांच्या बाईनं मढं बघू नये, आणि असलं तर मुळीच नाही, असं दोघांनी तिथंच ठरवलं. तुम्ही हट्ट कराल आणि घरच्या कुणाचं ऐकणार नाही म्हणून मिलिटरीचा नियम पुढं केला. मिलिटरीचं तरी ऐकाल. पोर झालं की सांगू म्हणाले. पोर राहिलं नाही, मग सांगायचं कुणी? तुमचे सासरे गेले. हे गप्प झाले. परत येताना एसटीत यांनी मला सांगितलं आणि म्हणाले, तोंडातून काढायचं नाही. मी काढलं नाही.

तो सुभेदार बुटांकडं बघत होता तो आमच्यामुळं. त्याच्यादेखत आम्ही त्याच्या नावावर खोटं बोललो आणि तुमच्या पोटाकडं बघून तो बिचारा गप्प राहिला. तुम्ही तेवीस वर्षं दिल्लीला, पुण्याला, जगाला विचारत होतात की काय दडवलंय. दडवलं होतं, वन्सं. तुमचं तेवढं खरं होतं. दडवणारी बाई तुमच्या शेजारी बसून तुमच्याच अर्जाची नक्कल काढत होती.

माफ करा असं लिहायला पेन टेकवलं होतं, तो ठिपका वर पडला आहे. तो शब्द कुठल्या अर्जात कधी लिहिला नाही, म्हणून हाताला सवय नाही.

पायरीवरून उठले तेव्हा गाडीला अजून अर्धा तास होता. खिडकीवरची मुलगी पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली. म्हणाली, मावशी, काकींनी मला एका कागदावर लिहून दिलं होतं, साठ हजार पुरे झाले की त्यांना सांगायचं म्हणून. आज पुरे झाले, त्या नाहीत म्हणून तुम्हाला सांगते. पावती मी पासबुकात घडी घालून ठेवली, आणि पासबुक ट्रंकेत, शर्टांवर ठेवलं आहे.